जीनमधलं घर

नवीन घराला नाव काय द्यायचं, यावर आमच्याकडे दोन महिने खल झाला. लेकीने चार सुंदर नावं काढली, सासूबाईंनी कुलदेवतेचं सुचवलं. एकही टिकलं नाही, कारण गावाने नाव कधीच देऊन टाकलं होतं. ‘जुना जीन’! लग्नपत्रिकांवर तोच पत्ता येतो, गॅसवाला फोनवर ‘जीनमध्येच ना?’ असं विचारतो आणि भाजीवाली मला ‘जीनवाल्या वहिनी’ म्हणते. आता मीही कुणाला पत्ता सांगताना तेच सांगते.

वऱ्हाड-खानदेशातल्या मैत्रिणींना जीन म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शेतातून घरी येतो तो कापूस सरकीसकट असतो. ती सरकी वेगळी काढून रुई मोकळी करायची, हे जिनिंगचं काम. ते करणारं यंत्र म्हणजे रेचा. त्यातला चामड्याचा रोलर तंतू ओढून घेतो आणि पोलादी पाती सरकीला मागेच अडवते. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच. मग ही रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या. एक गाठ १७० किलोची.

आमच्या भागात हे कारखाने आले त्यामागे थेट अमेरिकेतली लढाई होती, हे मला लग्नानंतर कळलं. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध चाललं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. पाठोपाठ रेल्वे आली. जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो कापसासाठीच. अशा रुळांच्या कडेकडेने गावोगाव जीन-प्रेस उभे राहिले. जाड दगडी भिंती, उंच छप्पर आणि लांबून दिसणारं धुराडं. असाच एक चालता जीन माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी विकत घेतला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो जोरात चालू होता. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग स्टेशनपर्यंत जायची. राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि महासंघाने घेतलेला कापूस आमच्यासारख्या खासगी जीनमध्ये रेचायला यायचा. पुढे ती योजना संपली. २००० साली केंद्र सरकारने कापसासाठी टेक्नॉलॉजी मिशन सुरू केलं आणि नव्या धर्तीचे जीन उभे राहू लागले. तिथे कापूस उचलायला फारशी माणसं लागत नाहीत, तो यंत्रानेच पुढे सरकतो. आमच्याकडे नव्या यंत्रांसाठी भांडवल नव्हतं. २००४ च्या उन्हाळ्यात आमचा जीन थांबला, तो थांबलाच. रेचे भंगारात गेले. सासरे गेले. आवारात बाभळी उगवल्या.

पाडायचं की राखायचं?

वाटण्या झाल्या तेव्हा आवाराचे प्लॉट पडले. मोठ्या भाऊजींनी रस्त्याकडची जागा घेतली. आमच्या वाट्याला मागचा भाग आला, म्हणजे रेच्यांची मुख्य इमारत आणि तिला लागून प्रेसची शेड. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, “पाडा आणि दोन मजली बंगला बांधा.” कॉन्ट्रॅक्टरने तर जेसीबीचा दरही सांगून टाकला.

आम्ही थांबलो ते आधी पैशांमुळे. अठरा-अठरा इंच जाडीच्या दगडी भिंती आणि सागवानाच्या कैच्या असलेली इमारत पाडायची आणि त्याच जागी नऊ इंची विटांची भिंत बांधायला कर्ज काढायचं, हा हिशोब माझ्या डोक्यात बसेना. दुसरं कारण ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. भर दुपारी त्या बंद इमारतीत पाऊल टाकलं की अंगावर गारवा यायचा. तिसरं कारण माझी लेक. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि म्हणाली, “आई, या माणसाने तर सिमेंटचा कारखाना घर म्हणून घेतला.”

तो फोटो स्पेनमधल्या बार्सिलोना शहराजवळचा होता. रिकार्दो बोफिल नावाच्या वास्तुरचनाकाराला १९७३ मध्ये तिथे एक बंद सिमेंट कारखाना दिसला. तीसहून जास्त सायलो, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच कोठ्या, आणि जमिनीखाली सुमारे चार किलोमीटरचे बोगदे! त्याने तो विकत घेतला आणि दीड वर्षाहून अधिक काळ नुसतं पाडकाम केलं. सुरुंग लावून, हातोडे चालवून. शेवटी आठ सायलो ठेवले. त्यांत कचेरी, ग्रंथालय असं काय काय थाटलं, एका प्रचंड दालनाला ‘कॅथेड्रल’ म्हणजे मोठं चर्च असं नाव दिलं आणि भिंतींवर वेली चढवल्या. निलगिरी, ताड, ऑलिव्ह लावले. २०२२ च्या जानेवारीत तो गेला. जवळजवळ पन्नास वर्षं तो कारखाना त्याचं घर आणि ऑफिस होता.

सासूबाईंनी फोटो नीट चष्मा लावून पाहिला. “छान आहे, पण झाडायचं कुणी?” एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही मायलेकी वाचतच गेलो. न्यूयॉर्कमध्ये सोहो नावाचा भाग आहे. तिथले कापडाचे आणि इतर छोटे कारखाने बंद पडत गेले तसे रिकाम्या मजल्यांवर चित्रकार राहायला लागले. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि भाडं कमी. कायद्याने तिथे राहायला बंदी होती, म्हणून कुणी तपासणीला आलं की बिछाने लपवायचे. आग लागली तर वर माणूस राहतो हे बंबवाल्यांना कळावं, यासाठी १९६१ पासून दारावर ‘इथे कलाकार राहतो’ अशा अर्थाची पाटी लावायची सवलत मिळाली. १९७१ मध्ये कलाकारांना तिथे राहण्याची रीतसर परवानगी मिळाली. त्या ओतीव लोखंडाच्या इमारती पाडू नयेत म्हणून मार्गॉट गेल नावाच्या एका बाईंनी चळवळ केली. इमारतीचा दर्शनी भाग खरंच लोखंडी आहे का, हे दाखवायला त्या लोहचुंबक घेऊन फिरायच्या! १९७३ मध्ये तो भाग संरक्षित झाला. पण गंमत पाहा, जागा सुंदर झाली, नावाजली, तशी भाडी इतकी चढली की ज्या कलाकारांनी ती राहती केली त्यातल्या अनेकांना ती परवडेनाशी झाली.

आपल्या मुंबईचं तर काय सांगायचं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कुठे कुठे गिरणीची जुनी चिमणी शोभेला ठेवलेली दिसते. ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने काढली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी.

हे सगळं वाचून माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. कारखान्याचं घर करताना भिंती राखणं सोपं आहे. पण त्या भिंतींच्या आत जी माणसं राबली, त्यांचं काय राखायचं?

छपराला भिडलेली भिंत

आमच्या मुख्य इमारतीच्या मधोमध एक आडवी भिंत आहे. जमिनीपासून थेट छपराला भिडलेली. तिला ना दार, ना खिडकी. फक्त खाली एक चौकोनी भोक. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “ही पहिल्यांदा पाडू. हॉल एकदम पॅलेससारखा होईल.” ह्यांनाही ते पटलं होतं.

त्या दिवशी आवारातलं सरपण न्यायला एक आजी आल्या होत्या. पूर्वी आमच्याच जीनवर कामाला होत्या. भिंतीवर खडूने मारलेली फुली बघून त्या तिथेच उभ्या राहिल्या. “थे भित कायले पाडता व बाई? त्या भितीनं तर आमाले वाचवलं. पल्याड इतकी रुई उडे, की मानूस दिसे नाही.”

मला काही उमजेना. लेकीने कायदा शोधून काढला. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २७ असं होतं, की ज्या प्रेसिंग कारखान्यात कापूस पिंजून मोकळा करणारं यंत्र, म्हणजे ओपनर, चालतो तिथे बायका आणि मुलांना कामावर ठेवायचं नाही. पण यंत्रात कापूस घालायची बाजू आणि कापूस बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत भिंत असेल, तर घालायच्या बाजूला बायका काम करू शकतात. भिंत छपरापर्यंतच हवी, नाहीतर इन्स्पेक्टर लेखी सांगेल तेवढ्या उंचीची.

म्हणजे ती भिंत बायकांसाठी होती! खालचं चौकोनी भोक यंत्रासाठी. अलीकडे बायका टोपलीने कापूस घालत आणि पलीकडे रुईचं धुकं. कापसाच्या धुळीने छातीचा एक आजार होतो, बिसिनोसिस. कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत त्याचं नाव होतं. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. आजी म्हणाल्या, “बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लई दम लागे.” त्यांना रोगाचं नाव माहीत नव्हतं, पण वार बरोबर माहीत होता.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी कैच्या मोजल्या, टिकावाने पाया उकरून बघितला आणि सांगितलं, की मधल्या दोन कैच्यांचा भार याच भिंतीवर आहे. पाडली असती तर आधी खांब-तुळया घालाव्या लागल्या असत्या, त्याचा खर्च वेगळाच. भिंत राहिली. तिच्यात फक्त एक दार काढलं, वर लिंटेल घालून. चौकोनी भोकाला काच बसवली. आज अलीकडच्या बाजूला स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली आहे. पलीकडे बैठक आणि माझं लिहायचं टेबल. जिथे पूर्वी एकाही बाईला कामाला उभं राहता येत नव्हतं, तिथे बसून मी हे लिहितेय.

कड्या कशाच्या?

स्वयंपाकघराच्या वर, सागवानी तुळईला ओळीने लोखंडी कड्या आहेत. मला वाटलं, कापसाचे गठ्ठे तोलायला असतील. रंगारी त्या कापून टाकणार होता. आजींनाच विचारलं. त्या हसल्या. “माह्या दोन्ही पोराइच्या झोळ्या याच कडीले होत्या.”

कायद्यात पाळणाघर होतं, पण पन्नासहून जास्त बायका असतील तिथे. १९७६ मध्ये ती अट तीसवर आली. आमच्याकडे हंगामात बावीस-तेवीस बायका असत. म्हणजे पाळणाघर बांधायची सक्ती नाही. मग लुगड्याची झोळी आणि वर कडी. एक हात कापसाच्या टोपलीत आणि दुसऱ्या हातात झोळीची दोरी.

कड्या तशाच ठेवल्या आहेत. मी त्यांना कुंड्या टांगल्या नाहीत की दिवे लावले नाहीत. पाहुणी विचारते, मी सांगते.

मैत्रिणींनो, हे आधी बघा

आमचं घर पाहून बऱ्याच जणी विचारतात, “आमचीही जुनी गिरणी पडून आहे, जमेल का?” जमेल, पण काही गोष्टी आधी नीट बघून घ्या.

कागद सगळ्यात आधी. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर कुणाचा बोजा आहे का ते पाहा. कारखाना म्हटला की बँकेचं जुनं कर्ज कुठेतरी चिकटलेलं असतं. वारसांची नावं लागली आहेत का? आपलं स्वतःचं नाव आहे का? जागा औद्योगिक वापराची असेल तर राहण्यासाठी वापर बदलून घ्यावा लागतो आणि नगरपरिषदेची बांधकाम परवानगी लागते. विकास आराखड्यात तो भाग कशासाठी दाखवला आहे ते नगररचना विभागात कळतं. ‘आपलीच तर जागा आहे, कोण विचारतंय’ असं म्हणू नका. पुढे घरकर्ज काढताना किंवा विकताना सगळं निघतं. आम्हाला या कामाला अकरा महिने लागले आणि एका कचेरीच्या जिन्याच्या पायऱ्या मला पाठ झाल्या. कारखान्याचं जुनं वीजबिल थकलेलं असेल तर ते निपटल्याशिवाय घरगुती मीटरचं काम पुढे सरकत नाही, हेही लक्षात ठेवा.

जमीन उकरून बघा. जिथे इंजिन होतं तिथली माती वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी झालेली होती. तिच्यावर फरशी टाकली असती तर वास कधीच गेला नसता. आम्ही दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरला.

छपराचे पत्रे कसले आहेत ते विचारा. आमच्या प्रेसच्या शेडवर ॲसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते. ते हातोड्याने फोडायचे नसतात. त्यातले बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. पत्रे पाण्याने ओले करायचे, नट-बोल्ट सोडवायचे आणि अख्खेच्या अख्खे खाली घ्यायचे. काम करणाऱ्यांच्या तोंडाला चांगला मास्क हवा. लहान मुलांना त्या दिवसांत तिथे फिरकू देऊ नका.

दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतला ओलावा आत अडकतो आणि पोपडे धरतात. आम्ही चुन्यात काम करणारा म्हातारा गवंडी शोधून आणला. त्याच्या हाताखाली दोन तरुण पोरं शिकली, हा वरचा नफा.

वरची झडपं बुजवू नका. जीनमध्ये छपराजवळ ओळीने झरोके असतात. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. आम्ही त्यांना फक्त जाळी बसवली आणि पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून लाकडी छत केलं. मे महिन्यात रात्री नुसत्या पंख्यावर झोप लागते.

आणि खरं तेही सांगते. अशा घराला त्रासही आहेत. वीस फूट उंचीवरची जाळी काढायला बांबूला बांबू जोडावा लागतो. बोललेलं घुमतं, त्यामुळे सासू-सुनेचं कुजबुजणं या घरात शक्य नाही! पहिल्या वर्षी दगडांच्या सांध्यांतून रुई निघतच राहिली. ही रुई हलकी समजू नका, ठिणगी पडली तर भुर्रकन पेटते. वायरिंग करण्याआधी सगळे सांधे झाडून, व्हॅक्यूम लावून घेतले.

हजेरीची वही

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे.

मुनीमजींची जुनी कोठडी साफ करताना लोखंडी कपाटात हजेरीच्या वह्या सापडल्या. शेवटच्या हंगामाची वही सासूबाईंनी स्वतः चाळली. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण हिशोबाला पक्क्या. शेवटच्या महिन्यात तेवीस बायकांच्या नावापुढे हजेरीच्या खुणा होत्या आणि पैसे दिल्याचा अंगठा नव्हता. जीन बंद पडला त्या गडबडीत ती रोजी राहूनच गेली होती. एकूण ५१८ दिवस भरत होते. तेव्हाची रोजी चाळीस रुपये. म्हणजे २०,७२० रुपये.

सासूबाई म्हणाल्या, “वास्तुशांत नंतर. आधी हे.”

मोठ्या भाऊजींना फोन केला. त्यांचं म्हणणं, तो व्यवहार सासऱ्यांबरोबर संपला, आता अठरा वर्षांनी कोण मागायला येणार आहे? वकिलांनीही साधारण तेच सांगितलं. हे गप्प होते, कारण कर्जाचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. मला वाटलं, वीस हजारच आहेत, देऊन टाकू आणि मोकळे होऊ. पण सासूबाई तिथेही थांबल्या नाहीत. “तेव्हाच्या चाळीस रुपयांत घरी दोन दिवसांचा किराणा येत होता. आज चाळीस रुपयांत काय येतं? आजची रोजी द्यायची.” आमच्याकडे बाईची शेतातली रोजी त्या वर्षी अडीचशे होती. हिशोब झाला, १,२९,५००.

स्वयंपाकघरात ट्रॉल्या, शटर, चिमणी असं सगळं बसवायचं कोटेशन एक लाख चाळीस हजारांचं आलं होतं. मी ते चार महिने पर्समध्ये घेऊन फिरत होते. रंगही ठरला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या ओट्यावर स्वयंपाक केलेल्या बाईला पहिल्यांदा आपल्या मनासारखं स्वयंपाकघर करायचं असतं, ते काय असतं हे तुम्हाला सांगायला नको.

सकाळी मी कडाप्प्याचा ओटा सांगितला. खाली उघडे कप्पे आणि पडदे.

तेवीस जणींना शोधायला मी आणि ती आजी मिळून फिरलो. सहा जणी गेल्या होत्या. दोघींचा पत्ताच लागला नाही, कामासाठी सुरतेकडे गेल्या एवढंच कळलं. त्यांचे पैसे सासूबाईंनी वेगळ्या पासबुकात ठेवले आहेत. गेलेल्यांच्या घरी दिले, शक्यतो लेकीच्या किंवा सुनेच्या हातात. एकीने घ्यायला साफ नकार दिला, “तवा पायजे होते, आता नाही.” तिच्या दारात मी बराच वेळ उभी राहिले. तिचं काही चुकलं नव्हतं. एकीने नोटा मोजल्या आणि विचारलं, “व्याज?” मी गोंधळले. सासूबाईंनी घरी आल्यावर ऐकलं आणि म्हणाल्या, “बरोबर विचारलं तिनं.” पण तेवढी ताकद आमच्यात नव्हती. काहीजणी रडल्या, काहींनी चहा केला. बहुतेकींनी एकच विचारलं, आत येऊन बघू का?

वास्तुशांतीला त्या आल्या. कुणी आपली जागा शोधली, कुणी आपली कडी. आल्या त्यातल्या काहीजणी घर बघून खूश झाल्या, काही एकदम गप्प झाल्या. एकीने सुनेला त्या काचेच्या चौकोनाजवळ नेलं आणि वाकून कापूस कसा लोटायचा ते हातवारे करून दाखवलं. सून म्हणाली, “आत्याबाई, तुमी कधी सांगतलं नाही.”

हे वाचून कुणाला वाटेल, आमच्यासारखं प्रत्येकाला कसं जमेल? नाही जमणार आणि जमायलाच हवं असंही नाही. कुणाची वही सापडेल, कुणाची नाही. पण आपल्याकडे गावोगाव अशा इमारती पडून आहेत. भंडारा-गोंदियात भाताच्या गिरण्या, सिन्नरला विडीच्या वखारी, मालेगाव-इचलकरंजीला मागांच्या शेड, कुठे तेलाचा घाणा. जागांचे भाव वाढलेत, वाटण्या होताहेत आणि त्यातल्या काही तरी घरं होतील. चांगलंच आहे. दगड आहे, लाकूड आहे, सावली आहे, ते मातीत घालण्यापेक्षा त्यात चूल पेटलेली बरी.

फक्त फुली मारायच्या आधी एक काम करा. त्या जागेत ज्यांनी काम केलंय अशी एखादी बाई, एखादा फिटर, एखादा हमाल गावात अजून असेल. त्यांना एक दुपार बोलवा. बसायला खुर्ची द्या, चहा ठेवा आणि विचारा, “तुम्ही कुठे बसायचात? हे भोक कशाला? ही भिंत का?” इंजिनिअर सांगतो त्यातलं बरंचसं तेही सांगतील आणि इंजिनिअरला ठाऊक नसलेलंही. त्यांची वयं झालीत. तेव्हा हे काम पाडकामाच्या आधी आणि शक्य तेवढं लवकर.